माईंच्या वहीतला शेरा

इंदूर, रविवार दुपार

प्रिय नंदे,

दिवाळीपासून माझं पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. फोनवर बोलले नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी जावईबापू बसलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे मुळीच लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच. माझं बीपी ठीक, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसतं आहे.

तुझ्या आईची, आपल्या माईंची, स्थळांची वही मंडळाने एक्सेलमध्ये चढवली.

हो, तीच. लाल कापडी पुठ्ठ्याची. रामबागेच्या घरी गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली असायची ती. माई गेल्यावर तू आणि वहिनींनी ती मंडळाला दिलीत, आणि योग्यच केलंत. काम मंडळाचंच होतं. आता नव्या कार्यकारिणीतल्या पोरांनी सुट्टीत बसून सगळी पानं टाइप केली. पोरं गुणी आहेत गं, मन लावून केलंय. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, गोत्र, नाडी, शिक्षण, पगार, पत्ता, वडिलांचा मोबाइल. नव्या नोंदी, जुन्या नोंदी, सगळं एकत्र. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा.

माई पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायच्या, आठवतं ना? ‘मुलाला लहानपणी फिट येत, आता नाही.’ ‘एकदा ठरून मोडलं, मुलीकडे दोष नाही.’ ‘वडील कर्जात, मानपानाचं बोलू नये.’ हे सगळं पोरांनी जसंच्या तसं उतरवलं आणि फाइल मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती राजेंद्र नगरच्या ग्रुपवर गेली, तिथून देवासला, उज्जैनला. शेवटी पुण्याच्या आत्तेबहिणीने ती मलाच पाठवली, ‘बघ, तुमच्या इंदूरची किती छान यादी’ म्हणून.

नंदे, माईंनी हे कुणी वाचावं म्हणून लिहिलंच नव्हतं. स्थळ विचारायला कुणी आलं की आधी चहा व्हायचा, मग तुम्ही कुणाचे, कुणासाठी बघताय, घाई का, अशी सगळी चौकशी. बोलणी पुढे सरकली तरच त्या मुलीच्या आईला स्वयंपाकघरात बोलावून घ्यायच्या आणि फिटचं सांगायच्या. सांगायच्याच. लपवलं तर फसवणूक झाली, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण त्याच मुलीच्या मावशीने बाहेर ओसरीत विचारलं तर ‘मुलगा चांगला आहे’ एवढंच. माहिती एकच, पण कुणाला, कधी आणि कशासाठी सांगायची याचा विचार माई करत होत्या. फाइल तो विचार कुठून करणार?

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, ‘काकू, व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड असतं, काळजी करू नका.’ असतं ना, २०१६ पासून आहे. त्यामुळे मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पण ज्याच्या हातात पोचलं त्यानेच पुढे पाठवलं तर ते कुलूप काय कामाचं? एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. पाठवलेलं सगळ्यांकडून पुसायला जेमतेम अडीच दिवस मिळतात, आणि ज्याने फाइल उतरवून घेतली त्याच्याकडे ती राहतेच. मग ते म्हणाले, ‘लोकांनी लग्नासाठी स्वतःहून दिलेली माहिती, त्यात लपवायचं काय?’

तुझंच वाक्य! शब्द न् शब्द तुझा. कापडाच्या दुकानात काउंटरवरची मुलगी ‘नंबराशिवाय बिल निघत नाही’ म्हणाली तेव्हा तू हेच म्हणालीस, आणि वर माझाच नंबर सांगून मोकळी झालीस. सराफ्यात भुट्ट्याचा कीस संपेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नव्हते. पुढे कितीतरी महिने बायपासवरचे प्लॉट मला स्वस्तात मिळत होते. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका म्हणून दुकानदारांना बजावलं, तेव्हा मी तुला कात्रण पाठवलं. तू उत्तरादाखल अंगठा पाठवलास. तो अंगठा मी अजून विसरलेले नाही, सांगून ठेवते.

पण हे प्लॉटच्या फोनांसारखं नाही. दादाच्या मुक्ताला बंगळूरला कुठल्याशा लग्न जुळवणाऱ्या ब्यूरोचा फोन आला. त्या माणसाने तिची जन्मवेळ, नाडी, पगार घडाघडा वाचून दाखवलं. पोरगी हादरली. दादा तर रात्रभर झोपला नाही. बँकेतून बोलतोय किंवा पोलिसातून बोलतोय म्हणणाऱ्याला आणखी काय लागतं? मी दादाला बसवून सांगितलं की डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरूनच अटक, अशी गोष्ट कायद्यात नाहीच, कुणी धमकावलं तर फोन ठेव, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला.

धाकट्या भावजींचा मुलगा इथल्या हायकोर्टात वकिली करतो, त्यालाही विचारलं. त्याने २०२३ चा डेटा संरक्षण कायदा काढला. नुसती कागदावरची वही त्या कायद्यात येत नाही, पण कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल केली तर ती येते. म्हणजे माईंच्या कपाटात होती तोवर कायद्याला तिच्याशी देणंघेणं नव्हतं, पोरांनी टाइप केली आणि आता आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमतीची मुख्य कलमं मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. मला त्या तारखेची वाट बघायची नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ते सरकारपुरतं आहे की मंडळालाही लागू, हा वाद वकिलांनी घालावा. ज्या मुलीचं मोडलं होतं ती आता सासू झाली आहे, तिच्या सुनेच्या फोनमध्ये ती फाइल आहे. मला एवढं पुरे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. त्यात तुझीही ओळ आहे. माहेरचं नाव, होळकर कॉलेज, बी.एस्सी. आणि शेरा: ‘हिच्या मनात वेगळं आहे. मी विचारणार नाही, ती सांगेल. तोवर स्थळ दाखवू नये.’

माईंना माहीत होतं गं! आपण कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून काय काय बहाणे ठरवायचो, आणि त्यांना सगळं माहीत होतं. त्या वर्षी तुला एकही स्थळ सांगून आलं नाही. ‘आईला माझी काळजीच नाही’ म्हणून तू माझ्याकडे येऊन रडलीस. त्या थांबल्या होत्या तुझ्यासाठी. तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस, हे मनाला लावून घेऊ नकोस. पण हे तुला माईंच्या अक्षरात, एकटीला वाचायला मिळायला हवं होतं. तुझ्याआधी ते चार गावांनी वाचलं, याचा मला फार राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

म्हणून तू मंडळाला पत्र लिही. वही माईंची होती, तेव्हा तुझ्या शब्दाला वजन आहे. शेऱ्याचा रकाना काढून टाका, लग्नं झालेल्यांच्या नोंदी पुसा, बाकीच्यांना विचारल्याशिवाय एकही नाव ठेवू नका, आणि ज्या ज्या ग्रुपवर फाइल गेली तिथे स्वतः सांगून ती काढायला लावा. सगळीकडून जाणार नाही, मला कळतं. जिथून जाईल तिथून तरी जावी. वही परत माग. मुलांना विचारायला कुणी हवं असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी मंडळात बसेन, फोनही मीच घेईन. सेक्रेटरींना हे सांगितलंय.

नातवाची मुंज मेमध्ये नक्की का? तारीख कळव, तिकिटं काढायची आहेत. गुडघ्याचं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंस का? सुनेची बदली थांबली हे बरं झालं.

पत्र स्पीड पोस्टाने माझ्या पत्त्यावर पाठव. पुढच्या महिन्यातल्या सभेत मी ते उभं राहून वाचते. आणि त्यात माईंचं पूर्ण नाव लिही, कार्यकारिणीतल्या नव्या मुलांना ‘माई’ म्हणजे कोण ते माहीत नाही.

तुझी,
कुमुद