इंजिन खोलून जोडले, पण गाडी सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ पाहून १०० सीसी मोटरसायकलचे ब्लॉक-पिस्टनचे काम घरीच करणारे आता गावोगाव दिसतात. काम अशक्य नाही, करूच नये असेही नाही. पण शेवटचा नट आवळला की व्हिडिओ संपतो आणि किक मारून पाय दुखला तरी गाडी बोलत नाही. मग दोघे जमतात, दुसरा गिअर टाकतात आणि धक्का मारतात. सगळ्यात महाग पडतो तो हा धक्का. टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या हालचालींचा मेळ) बरेच चुकलेले असेल तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह एकदा वाकला की हेड पुन्हा खाली येते.

चालती गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल, मग प्लग पाहणे ठीक. खोलून जोडलेल्या इंजिनात मात्र ज्याला हात लागला तेच आधी संशयित. कार्बोरेटर, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काल चांगले होते, ते आज अचानक का बिघडतील? बॅटरीचा सल्लाही सर्रास दिला जातो. जुन्या किकच्या गाड्यांत प्लगचा करंट मॅग्नेटच्या कॉइलवर तयार होतो, त्यामुळे बॅटरी मेली असली तरी त्या सुरू होतात.

म्हणून आधी प्लग काढा आणि डावीकडचे मॅग्नेट कव्हर उघडून मॅग्नेटचा नट पान्याने डाव्या बाजूला, म्हणजे घड्याळाच्या उलट, सावकाश फिरवा. पूर्ण दोन फेरे. कुठे टक्क करून अडले तर जोर लावू नका, तिथेच थांबा आणि टायमिंग पाहा. स्प्लेंडरच्या जातीच्या आडव्या इंजिनात मॅग्नेटवरची ‘टी’ची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) रेघ इंजिनवरच्या खुणेसमोर आणली की कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या, चक्रावरचा गोल हेडच्या खाचेसमोर यायला हवा. ‘टी’शेजारीच ‘एफ’ची रेघ असते. ती ठिणगीची. घाईत तिलाच ‘टी’ समजून टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी) बसवली जाते. कॅमच्या चक्राला २८ दाते धरले तर एक दाता चुकणे म्हणजे कॅमचे जवळपास १३ अंश आणि क्रँकचे २६. एका दात्याने गाडी कशीबशी सुरू होईल, पण ओढणार नाही. दोन चुकले की किकच्या किक वाया. चक्राचे बोल्ट आवळताना चेन सरकते, ती ताणून धरणारा टेन्शनर सैल राहिला तर जास्तच. म्हणून दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवून बघाव्यात. व्हिडिओवाले नेमके हेच दाखवत नाहीत.

खुणा जुळल्या, तरी किक मोकळी जाते? मग टॅपेट, म्हणजे रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) टोकाचा स्क्रू, पाहा. टकटक नको म्हणून स्क्रू घट्ट केला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. या इंजिनांत गॅप साधारण ०.०५ मिमी असते, ते फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने), इंजिन गार असताना लावायचे. ‘टी’ची रेघ चार स्ट्रोकमध्ये दोनदा समोर येते. दोन्ही रॉकर हाताला किंचित सैल लागतील तीच कॉम्प्रेशनची बाजू, गॅप तिथेच लावावे.

शंका उरली तर प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून, चावी बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, सात-आठ किक मारा. काटा १० किलोच्या पुढे गेला तर उत्तम. ६-७ वर अडला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांकडे: ब्लॉक सरकवताना रिंग मोडली किंवा तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत आली. ती १२० अंशांवर असावीत, रिंगवरची खूण वर. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. लॅपिंगनंतर (व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवल्यावर) हेड चढवण्याआधी पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटे ठेवले असते, तर व्हॉल्व्हची गळती तेव्हाच दिसली असती.

कॉम्प्रेशन ठीक निघाले की मगच करंट. प्लग कॅपमध्ये बसवून त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकाजवळ मात्र नको, तिथल्या पेट्रोलच्या वाफेला आग लागते. कॅप नुसती लोंबत ठेवून किकही मारू नका, कॉइल आणि सीडीआय दोन्हींना धोका असतो. ठिणगी नसेल तर पल्सर कॉइलची (मॅग्नेटजवळून ठिणगीचा इशारा देणारी) वायर, अर्थिंगचा बोल्ट आणि किल स्विच. हा शेवटचा विनोद वाटतो, पण पुष्कळदा दोषी तोच असतो. ठिणगी आहे, पण गाडी कार्बोरेटरमधून फटका देते किंवा किक उलटी येते? मॅग्नेट काढले असेल तर त्याखालची अर्धचंद्राची चावी (मॅग्नेट शाफ्टवर जागी धरणारा धातूचा तुकडा) तपासा. ती तुटली वा राहून गेली तर खुणेवर विश्वास ठेवता येत नाही.

पेट्रोल शेवटी. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल येते का पाहावे. इंजिन महिना-दोन महिने उघडे पडले असेल तर टाकीतले जुने पेट्रोल बदलावे. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. मॅनिफोल्डची (कार्बोरेटर आणि हेडमधल्या नळीची) ओ-रिंग चिमटली तर गाडी फक्त चोकवर क्षणभर धडधडते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (कार्बोरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शनच्या) गाड्यांना हा क्रम जशाच्या तसा लागू नाही. तिथे चावी लावताच पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू यायला हवी. नाही आली तर फ्यूज आणि सुटलेला कनेक्टर आधी पाहा. बॅटरीही तिथे खरोखर महत्त्वाची आहे.

– आयटीआयमधील एक शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक), सातारा