पार्किंगच्या कोब्याला अ‍ॅसिड नको

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की गृहनिर्माण संस्थांमध्ये पार्किंग धुऊन घेण्याची टूम निघते आणि पहिली खरेदी होते ती अ‍ॅसिडच्या कॅनची. धुतल्यावर कोबा उजळ दिसतो खरा, पण मळाबरोबर त्याची वरची साय निघून गेलेली असते. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंटमधला चुना विरघळवते, वाळू उघडी पडते आणि मग कितीही झाडा, धूळ संपत नाही. ज्या ऑइलच्या डागासाठी हा खटाटोप, तो जिथल्या तिथेच, कारण तेल अ‍ॅसिडने सुटत नाही. पोडियमचा (खालच्या मजल्यांच्या छतावरचा) किंवा तळघरावरचा स्लॅब असेल तर अ‍ॅसिडमधले क्लोराइड भेगांतून सळईपर्यंत पोचते आणि गंज धरतो. त्याच बादलीत ब्लीचिंग पावडर टाकणे तर जीवघेणे: त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो हुंगायची पाळी सफाई कामगारावर येते.

ताज्या डागावर आधी पाणी टाकू नये; तेल पसरते. लाकडाचा भुसा टाकून तासभर ठेवावा, घासून उचलावा आणि गटारात न लोटता वेगळा ठेवावा. मग 10 लिटर गरम पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून डागावर ओतावा, 20 मिनिटांनी नायलॉनच्या कडक ब्रशने घासावे आणि ते पाणी लगेच टिपून घ्यावे. हातात रबरी मोजे हवेत. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे अडकून गंजाचे ठिपके पडतात. मुरलेल्या डागासाठी सोड्याच्या पाण्यात खडूची पूड कालवून श्रीखंडाइतका दाट लेप द्यावा. 24 तास प्लास्टिकखाली, नंतर उघडा वाळवून खरवडावा. वाळताना लेप तेल वर ओढतो. हे दोन-तीनदा करावे लागते. एवढे करूनही फिकट सावली उरली तर राहू द्यावी.

एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे स्लॅबला हलायला मुद्दाम सोडलेल्या फटी, सिमेंटने बुजवू नयेत. उन्हाने स्लॅब हलतो आणि तो माल पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. तिथे पॉलिसल्फाइडसारखे लवचीक सीलंटच लागते.

धूळ सुटतच असेल तर एक भाग सोडियम सिलिकेट, चार भाग पाणी, असे एकेक दिवसाच्या अंतराने तीन हात द्यावेत. ते कोब्यातल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे भरते. अ‍ॅसिडने चुनाच खाल्ला असेल, तर हा उपायही अर्धवट लागू पडतो.

कोब्यावर इपॉक्सीचा चकचकीत थर देण्याचा सध्या फारच सोस आहे. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी 45 सेंटिमीटर चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवून किमान 16 तास ठेवावा. खालून दव धरले किंवा कोबा काळपट पडला, तर जमिनीतली ओल वर येते आहे. अशा ओलीवर इपॉक्सी फुगून पापुद्रे सुटणारच. बेत उन्हाळ्यावर ढकलावा आणि तेव्हाही ही चाचणी पुन्हा घ्यावी.

— एक स्थापत्य अभियंता, ठाणे