गावागावांतला कर्करोग मोजताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'आमच्या गावात कॅन्सर वाढला' अशी ओरड खान्देशात अधूनमधून होते. ती काळजी खरी असते, म्हणूनच मोजणी चोख हवी.

समजा, गावाची वस्ती 5,000 आणि दर वर्षाला लाखामागे 80 नवे रुग्ण. म्हणजे अपेक्षित रुग्ण 4. एवढ्या लहान संख्येत निव्वळ योगायोगाने एका वर्षी 1, तर पुढच्या वर्षी 7 रुग्ण निघू शकतात. गावाचा निकाल एका वर्षावर लावू नये. पाच वर्षांचे रुग्ण एकत्र धरावेत, जमल्यास शेजारची गावंही जोडावीत.

दुसरी गफलत वयाची. तरुण पोरं कामासाठी सुरत-पुण्याला गेली की मागे म्हातारी माणसं उरतात; कर्करोग उतारवयात जास्त, म्हणून गावाचा ढोबळ दर (वय न बघता काढलेला) आपोआप चढतो. पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडून, प्रत्येकाचा दर काढून, तो एकाच प्रमाणित लोकसंख्येवर (वयोगटांचं प्रमाण ठरवून दिलेल्या नमुना लोकसंख्येवर) बसवल्याशिवाय रावेर आणि अक्कलकुवा यांची तुलना करूच नये. स्त्री-पुरुषांचे दर वेगळे काढावेत.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यात होतो. रुग्ण यावलचा, पण केसपेपरवर जळगावच्या भाच्याचा पत्ता. झाला तो जळगावचा! तोच रुग्ण मुंबईलाही दाखवतो आणि दोनदा मोजला जातो. नाव, वय, गाव, अवयव आणि निदानाची तारीख ताडून पाहावी. नोंदवायचं ते निदानाच्या वेळचं राहतं गाव, तेही किमान वर्षभराचं. मृत्यूच्या दाखल्यांशीही ताळा घ्यावा.

बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. जळगाव, धुळे, नंदुरबारला तशीच हवी.

आपले,
आरोग्य आकडेवारीचे अभ्यासक, जळगाव