तिसरा नमुना मागणाऱ्या ताईंना

लॅबमधल्या ताई,

तुमचं नाव मला रिपोर्टखालच्या सहीवरून कळलं. पण तुम्हाला न विचारता ते इथे लिहीत नाही.

चार वर्षं माझ्या अंगावर पित्त उठत होतं. म्हणजे सगळे त्याला पित्तच म्हणायचे, मीही. रात्रभर गांधी, खाज, आणि सकाळी डॉक्टरांना दाखवायला जावं तर कातडी कोरी. साबण बदलले, एकेक पदार्थ सोडला, ॲलर्जीची गोळी रोजची झाली. जंताचं औषधही घेऊन झालं होतं आणि शौचाची एक तपासणी निरंक आली होती, त्यामुळे पोटाकडे परत कुणी पाहिलंच नाही. शेवटी स्टेरॉइड सुरू करायचं ठरलं. त्याआधीच्या रक्ततपासणीसाठी मी तुमच्यासमोर बसले.

सुई काढता काढता तुम्ही विचारलंत, "खाज एका जागी असते, की रेघ पुढे सरकते?"

कमरेखाली अधूनमधून एक लाल, नागमोडी रेघ उठायची. मी तिला नखांची खूण समजत होते. पुढच्या वेळी तिच्या टोकाशी पेनाने खूण करून घड्याळ बघायला तुम्ही सांगितलंत. तिसऱ्या दिवशी रेघ उठली. तासाभरात ती खुणेच्या चार बोटं पुढे गेली होती. त्या रात्री मी खरंच घाबरले.

रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत किंवा जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २१ टक्के निघाल्या; नेहमीपेक्षा खूपच जास्त. तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन केलात आणि वेगवेगळ्या दिवशीचे शौचाचे तीन नमुने मागितलेत. ताजे हवेत, फ्रिजमध्ये ठेवू नका, हे दोनदा बजावलंत. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात काही नाही. तिसरा द्यायला आले तेव्हा मी वैतागले होते, आणि ते तुम्हाला दिसलंही असणार. त्याच नमुन्यात ती सापडली. तुम्ही मला आत बोलावून भिंगातून दाखवलीत: वळवळणारी, केसाहून बारीक अळी.

स्ट्राँगिलॉइडिस. या जंताची अंडी आतड्यातच फुटतात. काही अळ्या शौचातून बाहेर न पडता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून परत शरीरात शिरतात, म्हणून एकदाची लागण कित्येक वर्षं टिकते. माझी रेघ म्हणजे अशाच एका अळीची वाट होती. शौचात त्या थोड्या पडतात, तेही रोज नाही, म्हणून एका निरंक रिपोर्टवर विसंबता येत नाही. नेहमीचं जंताचं औषधही यांना बऱ्याचदा पुरं पडत नाही. आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की याच अळ्या बेसुमार वाढून अंगभर पसरू शकतात, त्यात माणूस जातोही. हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तुमच्या त्या फोनची किंमत मला कळली.

अंगावर पित्त उठणाऱ्या बहुतेकांच्या पोटात जंत नसतात, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. हे पत्र वाचणाऱ्यांनी आपल्या मनाने औषध घेऊ नये. मला डॉक्टरांनी वजनानुसार आयव्हरमेक्टिन दिलं, दोन दिवस. रेघ परत उठली नाही. गांधी मात्र हळूहळू कमी झाल्या.

गेल्या आठवड्यात फेरतपासणीचा रिपोर्ट घ्यायला आले होते. 'अळ्या आढळल्या नाहीत', खाली तुमची सही. दार उघडं होतं, तुम्ही कुणाच्या तरी नमुन्यावर वाकून बसला होतात. हाक मारली नाही. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आज म्हणते. ताई, मनापासून आभार.

तुमची एक पेशंट