दंतवैद्यकीय दवाखान्याचे यश कशात मोजावे?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दंतवैद्यकीय व्यवसायात यश कसे मिळवावे, या विषयावर नवोदित दंतवैद्यांसाठी अलीकडे ठिकठिकाणी कार्यशाळा भरतात. समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी, दवाखान्याची अंतर्गत सजावट आणि एका रुग्णामागे होणारी सरासरी मिळकत यांवर त्यांत पुष्कळ बोलले जाते. मात्र त्या रुग्णाचे दात पुढे किती वर्षे टिकले, याचा उल्लेख क्वचितच होतो. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली अनेक वर्षे मी दवाखाना चालवतो. या अनुभवातून माझे ठाम मत असे झाले आहे, की ज्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांना वर्षागणिक कमी उपचार घ्यावे लागतात, तोच दवाखाना खऱ्या अर्थाने यशस्वी होय, आणि आर्थिकदृष्ट्याही तोच दीर्घकाळ टिकतो.

नव्या डॉक्टरांवरील ताण मी जाणतो. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून बीडीएस (दंतवैद्यकीय पदवीधर) झालेला तरुण जागेची अनामत, डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र आणि ऑटोक्लेव्ह (हत्यारे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) यांसाठी कर्ज काढतो. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. रुग्णांचा ओघ मात्र वर्ष-दोन वर्षे बेताचाच असतो. अशा वेळी साध्या भरणीने निभावणाऱ्या दाढेला रूट कॅनॉल (दाताच्या आतली नस काढून पोकळी भरण्याचा उपचार) सुचवण्याचा किंवा अजून वाचवता येईल असा दात काढून तेथे इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवण्याचा मोह होतो. हे दोन्ही उपचार योग्य जागी उत्तमच आहेत. प्रश्न ते कोणासाठी आणि केव्हा करायचे, एवढाच असतो. काही ठिकाणी तर नोकरीवरील डॉक्टरांना दरमहा ठरावीक उलाढालीचे लक्ष्य दिले जाते. उपचाराचा निर्णय आणि उलाढालीचे लक्ष्य एकाच माणसाच्या हाती देणे मला मूलतः चुकीचे वाटते.

उलट बाजूचा हिशेब कोणी मांडत नाही. तालुक्याच्या गावात रुग्ण येतो तो कोणाच्या तरी सांगण्यावरून. ‘या दाताला आज काहीही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा,’ असे ज्याला सांगितले, तो पुढच्या खेपेला पत्नीला, आईला, कधी शेजाऱ्यालाही घेऊन येतो. कोणत्याही फलकापेक्षा हा विश्वास मोठा असतो. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करणे आमच्या व्यवसायाच्या नीतिनियमांत बसत नाही, याची आठवण ‘अमुक उपचारावर निम्मी सवलत’ असे फलक लावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना या निमित्ताने करून द्यावीशी वाटते.

रुग्ण आमच्याकडे उशिरा का येतात, हे समजून घेतल्याशिवाय या व्यवसायाचे मर्म कळत नाही. दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण आवरणात संवेदना नसते. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने हे आवरण झिजू लागते. लाळ काही वेळाने हे आम्ल निष्प्रभ करते खरी, पण अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा गोड चहा, पुन्हा बिस्किट असा क्रम दिवसभर चालला, तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून दिवसाकाठी साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते. या साऱ्या काळात दात दुखत नाही. थंड पाण्याने कळ येऊ लागते तेव्हा कीड आतल्या थरात पोहोचलेली असते, आणि रात्री झोप उडवणारा ठणका सुरू होतो तेव्हा बहुधा ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. जो दात एका बैठकीत अल्प खर्चात भरता आला असता, त्याच दातावर मग रूट कॅनॉल आणि कॅप यांसाठी कित्येक पट खर्च होतो. हे सगळे रुग्णाला आरसा हातात देऊन, त्याच्याच दाढेवरचा काळा ठिपका दाखवून सांगायला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांचे शुल्क कोणी आकारत नाही, आणि म्हणूनच घाईच्या दवाखान्यात पहिली काट त्यांनाच लागते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक पालकापर्यंत पोहोचली पाहिजे, अशी माझी फार इच्छा आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच आहे, कीड लागली तरी पुढे पडून जाईल, असे पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात ती आयुष्यभराची पहिली कायमची दाढ असते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावरच असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची ही दाढ मुळापर्यंत किडलेली पाहताना मन विषण्ण होते, कारण तिच्या खोल खाचा वेळीच सीलंट लावून बंद केल्या असत्या आणि रोज रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासले असते, तर बहुतेक वेळा ही वेळ आली नसती. दुधाचे दातही दुर्लक्षिण्याजोगे नसतात. ते खालच्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात आणि अकाली काढावे लागले तर नवे दात वेडेवाकडे येण्याचा संभव वाढतो.

मोठ्यांमध्ये हिरड्यांच्या विकाराने जाणारे दात थोडे नाहीत. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, हा गैरसमज आजही सुशिक्षित घरांत ऐकू येतो. वास्तविक कीटणाच्या (दातांवर साचून कडक झालेल्या घाणीच्या) थराखाली हाड आधीच झिजलेले असते आणि थर निघाल्यावर ती हानी फक्त उघड होते. मधुमेहींनी याबाबत विशेष जागरूक असावे, कारण रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांत जुनाट सूज असली की साखर आटोक्यात आणणे अवघड होते. म्हणूनच प्रत्येक नव्या रुग्णाला मधुमेह, रक्तदाब, गर्भावस्था आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी विचारल्याशिवाय भुलेचे इंजेक्शन हाती घेऊ नये, आणि रुग्णानेही अशा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून दात काढायला येऊ नये.

तंबाखूविषयी लिहिताना मला सर्वाधिक तळमळ वाटते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होत्या. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्येच बंदी आली, तरी मावा आणि खर्रा ही सुपारी-तंबाखूची मिश्रणे खाणारे तरुण आम्हाला रोज भेटतात. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तो धोक्याचा इशारा समजावा. आमच्या भागात अनेक वयस्कर स्त्रिया दातांना मिसरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतात. ते व्यसन असल्याचे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून त्यांच्याशी बोलताना दरडावण्याचा सूर मुळीच नसावा. ‘आजी, जरा गाल बघू द्या,’ म्हणून गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा नीट तपासायला दोन मिनिटे पुरतात. दुखणाऱ्या दातासाठी आलेल्या रुग्णाच्या तोंडातील पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम वेळीच ओळखून त्याला पुढच्या तपासणीसाठी पाठवणे, याहून मोलाचे काम सामान्य दंतवैद्याच्या हातून क्वचितच घडते. ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक प्रौढ रुग्णाची, मागणी नसतानाही झालीच पाहिजे.

वाचकांनीही दवाखान्यात काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली आहेत का आणि त्यांचे सीलबंद पाकीट माझ्यासमोर उघडणार का, हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरला अपमानास्पद वाटणार नाही. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सिअस तापमान किमान १५ मिनिटे राखले जाते. हत्यारे नुसत्या पाण्यात उकळणे हा त्याला पर्याय नव्हे. सुचवलेला उपचार का हवा हे एक्स-रेवर दाखवून घ्यावे, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केले नाही तर काय होईल हे विचारावे, आणि खर्चाचा अंदाज लेखी मागावा.

शासनाकडे माझे मागणे मोजकेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमधील मुलांच्या दातांचीही तपासणी होते. दोष आढळलेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष उपचार मिळेपर्यंत पाठपुरावा व्हावा आणि त्यासाठी तेथे दंतशल्यचिकित्सक, चालू स्थितीतील खुर्ची आणि भरणीचे साहित्य ही तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असावीत. यांपैकी एक जरी नसले, तर दात काढण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. मोफत तपासणी शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनाही माझी विनंती आहे, की तपासलेल्यांच्या संख्येबरोबरच पुढील तीन महिन्यांत त्यांपैकी किती जणांवर उपचार पूर्ण झाले, हा आकडाही जाहीर करावा. आपल्या वृत्तपत्राने शिबिराचे वृत्त छापताना आयोजकांकडे हा आकडा आवर्जून मागितला, तर ती प्रथा लवकर रुजेल.

आपला नम्र,
एक दंतवैद्य, जिल्हा सातारा