हत्ती नको, बदाम घ्या

स्टाव्हांगर, नॉर्वे
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले वॅफलच्या यंत्रांचे तिन्ही फोटो बघितले. एक हत्तीच्या तोंडाचं, एक मोटारगाडीचं, एक पत्त्यांतल्या बदामांचं. खाली फक्त, 'कुठलं घेऊ? डिसेंबरात ईरा येतेय.' फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच 'तू जेवलीस का' विचारते आणि वॅफल राहतं बाजूला. म्हणून लिहून पाठवतेय.

हत्ती नको. फोटोत गोड दिसतो, पण सोंड आणि कान म्हणजे अरुंद खाचा. तिथवर पीठ पोचेपर्यंत मधलं शिजायला लागलेलं असतं. मग सोंड करपते, कपाळ कच्चं राहतं आणि काढताना कान यंत्रातच अडकून बसतो. माझ्या मैत्रिणीकडे अस्वलाचं आहे. तिच्या पोरांच्या ताटात बहुतेक वेळा बिनकानाचंच अस्वल येतं आणि सकाळी सकाळी भोकाड. शिवाय त्याचे गाल गुळगुळीत. वॅफलला जी कड खरपूस लागते ती चौकड्यांच्या खाचांमुळे. तेवढ्याच पिठाला तापलेला पत्रा जास्त ठिकाणी लागतो. खाचा नसल्या की नुसता केक खाल्ल्यासारखं वाटतं.

मोटारगाडीचं बघायला बरं आहे, पण ते चार इंची. एका वेळी एकच गाडी निघणार. म्हणजे बाकीचे खाऊन हात धुवेपर्यंत आई ओट्याशीच उभी. तेच तर मला नकोय.

बदामाचं घ्या. इथे घरोघरी तेच असतं. एका गोलात पाच बदाम, सगळ्यांची टोकं मध्ये जुळलेली. पीठ पातळ थरात पसरतं, सगळीकडे सारखं भाजतं आणि जोडावर हलकं ओढलं की बदाम सुटे होतात. ईराला दोन, बाबांना दोन, एक आईच्या तोंडात उभ्या उभ्या. इथली माणसं हे दुपारच्या कॉफीबरोबर खातात, नाश्त्याला फारसं नाही. मुलांच्या फुटबॉलच्या सामन्याला, शाळेच्या कार्यक्रमाला कुणीतरी पालक टेबलावर यंत्र मांडून, जगमध्ये पीठ घेऊन बसलेलेच असतात. परदेशी बंदरांमध्ये नॉर्वेच्या खलाशांसाठी जी चर्च आहेत, तिथेही येणाऱ्याला हेच देतात. आमच्याकडे मात्र तो रविवारचा नाश्ता झालाय. आणि आई, इथल्या पिठात वेलदोडा घालतात! पहिल्यांदा वास आला तेव्हा मी चुलीवर काय आहे ते बघायला उठले होते. वरून जॅम आणि आंबट साय, नाहीतर ते तपकिरी चीज. चीज करून उरलेलं पाणी साय-दूध घालून आटवत ठेवतात, त्यातली साखर तांबूस होईपर्यंत. बाबांनी इथे आले होते तेव्हा खाऊन 'खारवलेला कंदी पेढा' म्हटलं होतं. साताऱ्याच्या माणसाकडून याहून नेमकं वर्णन मी अजून ऐकलं नाही.

आता विजेचं, हे खास बाबांसाठी. न्यू जर्सीचा दादा स्वस्तात मिकी माऊसचं आणतो म्हणतोय, त्याला नको सांगा. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर लावलं तर कॉइल साडेतीनपटीहून जास्त वीज खेचेल. उंदीर पहिल्याच दिवशी जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो यंत्रापेक्षा जड. मी इथून आणावं, तर इथे व्होल्टेज आपलंच, २३०, पण प्लगची अर्थिंग पिनेत नसून कडेच्या पट्ट्यांत असते. आपल्या सॉकेटमध्ये त्या दोन पिना कशाबशा बसतात, अर्थिंग मात्र लागत नाही. पत्र्याच्या तापणाऱ्या वस्तूला अर्थिंग नसणं काय असतं हे तुम्ही वीज मंडळात जन्म घालवून मला सांगायचे, मी तुम्हाला काय सांगू! तेव्हा तिथलंच घ्या. तीन पिनांचं, आयएसआयचा शिक्का बघून. वॅट हजाराच्या आसपास असावेत. म्हणजे साधारण सव्वाचार अँपिअर, ओट्यावरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला झेपतात. फ्रिजमागच्या त्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. बिलाची काळजी करू नका. हजार वॅटचं यंत्र सलग तासभर चाललं तर एक युनिट.

पत्रे सुटे निघत असतील तर उत्तम, पण बदामाच्या यंत्रात तसे फार कमी मिळतात. आई, हे नीट वाच: नॉनस्टिक आहे, तारेची घासणी लावायची नाही आणि नळाखाली धरायचं नाही. प्लग काढ, कोमट होऊ दे, ओल्या फडक्याने पूस, बस. काढायला लाकडी उलथनं.

पिठात अंडं नको असेल तर काही अडत नाही. मैदा निम्मा, कणीक निम्मी, आंबट ताक, चिमूटभर सोडा, दोन-तीन चमचे पातळ तूप, थोडी साखर, वेलदोडा. इडलीच्या पिठाहून किंचित सैल. अर्धा तास झाकून ठेव. सोडा मात्र अगदी शेवटी. पळीभर पीठ मधोमध ओतायचं, कडेपर्यंत नाही. झाकण मिटलं की ते आपोआप पसरतं. नंतर उघडून बघायचं नाही! कच्चं असताना उघडलं की वरचा थर झाकणाला, खालचा पत्र्याला. बाजूने वाफ येते, ती थांबली की झालं. बाबांना यावर नजर ठेवायला बसव, त्यांना असली कामं आवडतात. त्यांच्या वाटणीच्या पिठात साखर घालू नकोस, जॅमही चाटण्यापुरताच. थालिपीठ आणि घावन यात करून बघशील, मला माहीत आहे. थालिपीठाचं पीठ घट्ट, ते पसरत नाही. घावनाचं इतकं पातळ की खाचांत चिकटून बसतं. दोन्ही तव्यावरच ठेव.

यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवा, तिथे भिंतीला सॉकेट आहे. म्हणजे आईलाही बसून गरम खाता येईल. ईराला पीठ ओतायचंय, तिला ओतू द्या, पण तिचा हात झाकणापासून लांब राहील हे बघा. बाहेरचा पत्राही चांगलाच तापतो.

जॅम इथून आणत नाही. आम्ही येऊ तोवर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आलेली असेल. बाबा, तेवढी आणून ठेवा, छोटी आणि लाल असेल ती. मोठी दिसायलाच मोठी असते.

ईराचा दोघांना पापा.

तुमची,
मनू