सुध्या, डावा खांब मीच चुकीचा कापला होता

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन केला असता पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला सलग सांगायचंय. आठ महिने झाले, मी तुला धड एक ओळ टाकली नाही, तुझे दोन मेसेज उत्तराविना पडलेत, ते रोज दिसायचे आणि रोज वाटायचं आज रात्री निवांत लिहू. ती निवांत रात्र काही आली नाही. चूक माझी आहे, माफ कर.

आईचा बीपी गोळीवर आहे, माझा गुडघा तसाच आहे. बाकी ठीक.

आता ऐक. मी आपली ती प्लास्टिकची छोटी मॉडेल गाडी, कूपे, बाहेर काढली. हो, तीच. गुलाबो.

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांकडून मला तेच किट मिळालं, तेच १/२५, तीच १९३२ ची फोर्ड, पाच खिडक्यांची, आणि न जोडलेलं! सगळे पार्ट साच्यातून येतात त्या प्लास्टिकच्या फांद्यांवर जसेच्या तसे, खोक्याचे कोपरे तेवढे फाटलेत, स्टॉक जोडा, कस्टम जोडा नाहीतर रेसिंगची जोडा असा तो थ्री-इन-वनवाला कागदसुद्धा शाबूत. मी रात्री दोन वाजेपर्यंत नुसता एकेक पार्ट हातात घेऊन बसलो होतो. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर, पार पिवळे पडलेत, ते झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवलेत, हळूहळू पांढरे होतायत, नंतर वरून लिक्विड फिल्मचा एक हात द्यावा लागेल नाहीतर पाण्यात टाकल्या टाकल्या चुरा होईल. आणि टायर. कोणीतरी टायर काचांवरच टाकून ठेवले होते, जुन्या व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि ज्याला टेकलं त्या प्लास्टिकला खातं, विंडशील्डवर टायरच्या नक्षीचा ठसा असा उमटलाय की चिखलातून गाडी गेल्यासारखा. एवढी एक काच सोडली तर सोनं आहे रे सगळं.

तर नवी आली म्हटल्यावर जुनीशी ताडून बघावीशी वाटली आणि मी माळ्यावरून गुलाबोचं खोकं खाली काढलं. किती वर्षांनी. तो रंग बघून मी एकटाच हसत सुटलो. आपण पांढरा मारायचा आणि सकाळी उठून बघावं तर गुलाबी, परत पांढरा, परत गुलाबी, आणि मन्यानं तिचं बारसंच करून टाकलं. लाल प्लास्टिकमधला रंग वरच्या पेंटच्या थिनरमध्ये उतरून वर येतो हे तेव्हा कोणाला माहीत होतं, आधी सिल्व्हरचा एक थर मारला असता तर अडला असता. मन्या अजून भेटला की पहिला प्रश्न हाच, "गुलाबो कशीये?"

मग म्हटलं निदान रंग तरी काढू. ग्लोव्ह्ज, गॉगल, ओव्हन क्लीनर, झाकणाचा डबा, दोन दिवस. पहिल्या खेपेला वरचे थर सालीसारखे सुटले, पण कोपऱ्यातला रंग काही सुटेना, मग दुसरी खेप, मग जुना टूथब्रश. रविवारी दुपारी बॉडी धुऊन पुसून दिव्याखाली धरली. लाल, स्वच्छ. मोल्ड लाइन, इजेक्टर पिनचे गोल डाग, सगळं लख्ख दिसत होतं. आणि उजव्या पुढच्या खांबावर, जोडाच्या जरा खाली, एक केसाएवढी बारीक राखाडी रेघ. मला वाटलं तडा आहे. नखानं चाचपलं तर तडा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली खाच. तशीच मधल्या खांबावर. तशीच डाव्या बाजूला, दोन्ही खांबांवर.

तुझी रेघ, सुध्या. तुझ्या त्या कर्कटकाच्या सुईनं मारलेली. छप्पर बुटकं करायला खांबांमधला काप काढून आपण टप कापला, त्याच्या आधी तू प्रत्येक खांबावर कापायच्या रेघेच्या बरोबर २ मिमी खाली अजून एक रेघ मारली होतीस, आणि मी विचारलं ही कशाला, तर तू म्हणालास "नंतर चुकलं तर कोण चुकलं ते कळायला." मी साफ विसरलो होतो. तूही विसरला असशील, नाहीतर त्या भांडणात तू ती माझ्या तोंडावर मारलीच असतीस.

मी व्हर्नियर काढला. दाराच्या वरच्या बेल्टलाइनपासून तुझ्या रेघेपर्यंत, उजवीकडे ३.१. डावीकडे ३.१. मधल्या खांबांवरही तेच, केसाचा फरक नाही. मग तुझ्या रेघेपासून जोडापर्यंत. उजवीकडे २.०. डावीकडे १.४.

तीनदा मोजलं. चष्मा पुसून परत मोजलं. १.४.

म्हणजे तुझी मार्किंग बरोबर होती. दोन्ही बाजूंना, तंतोतंत. उजवी बाजू तू कापलीस, कापायची रेघ सोडून आतून, आणि पॉलिश पेपरनं त्या रेघेपर्यंत आणलीस. डावी मी कापली आणि मी करवत कापायच्या रेघेच्या खाली धरली. ०.६ मिमी, खऱ्या गाडीत दीड सेंटीमीटर. म्हणून टप डावीकडे कलला. आणि मी तुला काय म्हणालो होतो ते मला शब्द न् शब्द आठवतं, तुलाही आठवत असणार, "तुला सरळ रेघ मारता येत नाही तर पुढाकार कशाला घेतोस." नानांसमोर म्हणालो. चार महिने आपण बोललो नाही, मग नानांनीच दोन भावांची जमीन वाटावी तशी वाटणी केली, बॉडी माझ्याकडे, मोटर आणि क्रोमची फांदी तुझ्याकडे. पुढे आपण बोलायला लागलो पण तो विषय दोघांनी कधी काढला नाही, आणि इतकी वर्षं मी मनात हेच धरून होतो की रेघ वाकडी होती. मी लोकांना तसं सांगितलंय. माझ्या पोरीलासुद्धा सांगितलंय, "सुधाकाकाने मार्किंग चुकवलं." रविवारी संध्याकाळी तिला बोलावून रेघ दाखवली आणि खरं ते सांगितलं. ती म्हणाली मग काकाला सांग ना. तर हे सांगतोय. तू बरोबर होतास, मी चुकलो होतो, आणि नानांसमोर जे बोललो त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. नाना असताना हे सापडायला हवं होतं.

आता खरी अडचण. हिचं करायचं काय? गेले पाच दिवस झोपताना डोळ्यासमोर तो जोड येतो.

नव्या किटची बॉडी घेऊन सरळ परत टप कापणं सोपं आहे. तीन इंचांचा चॉप, १/२५ ला ३ मिमी, आता हात बसलाय, मास्किंग टेप लावून बारीक करवतीनं एका संध्याकाळचं काम. पण ती गुलाबो नाही. आणि न जोडलेलं इतकं जुनं किट कापायला हातही धजत नाही.

दुसरं म्हणजे गुलाबोचाच डावा जोड उघडायचा, अर्ध्या मिमीची स्टायरीन शीट मध्ये घालायची, उरलेलं लांबीत जाईल. ऐकायला सोपं. पण तेव्हा आपण ट्यूबमधला ग्लू असा फासलाय की दोन्हीकडचं प्लास्टिक वितळून एक झालंय, जोड असा राहिलाच नाही, परत कापावंच लागणार, आणि खांब जाडीला दीड-दोन मिमी, इतक्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ झालेलं, करवत जरा अडकली की खांब मोडला. त्यात टप आखूडही आहे, आठवतंय ना? पुढचे खांब वर जाताना मागे कललेले आणि मागची बाजू पुढे, त्यामुळे मधला काप काढला की खालचे बुंधे एकमेकांपासून लांब राहतात आणि वरचा टप त्यांना पुरत नाही. तू तेव्हाच म्हणाला होतास टप मधून आडवा कापून पट्टी घालू, मी म्हणालो नको, लांबीनं भरू. तीही लांबी आता ओव्हन क्लीनरनं सुटून आली, समोर खांबाच्या डोक्यावर चांगली एक मिमीची फट. तिथेही तूच बरोबर.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जोड नीट केला की घासावा लागणार, घासला की तुझी रेघ जाणार. १.४ मिमीवर आहे ती, वाचत नाही. वाचली तरी प्रायमर भरेल. हसू नकोस, पण मला ती रेघ घालवायची नाहीये. आणि टप वाकडाही ठेवायचा नाहीये. तिकडे अमेरिकेत म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर गाडी पळवणाऱ्या त्या पोरांनी वारा कमी अडावा म्हणून टप कापायला घेतले, एकेक मैलासाठी जीव टाकला, आणि आपली कूपे वाऱ्यात मान वाकडी करून उभी! नानांना ते कधीच पटलं नसतं.

मला वाटतं डावी बाजू तू कापावीस. तूच. मी टप धरतो. हे तसंही एकट्याचं काम नाही, दोन्ही बाजू सुट्या झाल्या की टप धरायला माणूस लागतोच. रेघेचा फोटो काढून ठेवलाय, दिवा आडवा धरून, स्पष्ट दिसते. उजवीकडची मात्र मी राखणार, तिथे आतल्या बाजूनंच काय ते करू, बाहेरून पेपर लावायचा नाही.

रंग तुझ्या मनासारखा. मी मॅट काळ्यासाठी भांडलो होतो, ते सोडलं. कँडी रेड. खाली सोनेरी बेस, वर पारदर्शक लाल, त्या अमेरिकन गाड्या रंगवणाऱ्या जो बेलॉनच्या कँडी ॲपलसारखा, पातळ पातळ थर, आणि प्रत्येक थराला रंग गडद होत जातो म्हणून बॉडी, दारं, बॉनेट सगळं एकाच वेळी मारायचं नाहीतर शेड जुळणार नाही. एअरब्रश आहे माझ्याकडे, ०.३ चा नोझल. आणि ह्यावेळी लाल प्लास्टिकवर आधी सिल्व्हर!

मोटरबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डची ती व्ही-८ मोटर, १९३२ ची असेल तर हेडला २१ बोल्ट, २४ वाले नंतर आले, १९३८ पासून. तू म्हणायचास हॉट रॉडमध्ये कोणीही नवीनच मोटर टाकेल, २२१ क्युबिक इंचाच्या ६५ हॉर्सपॉवरवर कोण समाधानी राहील. मुद्दा बरोबर आहे पण मी तो मान्य करत नाही, समोरासमोर भांडू. प्लगच्या वायरी आता खऱ्या घालू, खरी वायर ७-८ मिमीची असते, १/२५ ला ०.३, तेवढी तांब्याची तार मी आणून ठेवलीये, पिन व्हाइसनं डिस्ट्रिब्युटरला भोकं पाडायची. प्लग पेटायचा क्रम तुला अजून पाठ असेल, १-५-४-८-६-३-७-२, पाढ्यासारखा म्हणायचास. आहे ना रे मोटर? फेकली नाहीस ना? गेल्या शिफ्टिंगमध्ये वहिनींनी काय काय टाकलं ते सांगत होतास तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता पण विचारायचा धीर झाला नाही.

तुझी नवी नोकरी कशी आहे? चिनूचा निकाल लागला असेल, कळव. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या महिन्यात दुसरा शनिवार-रविवार मी मोकळा ठेवलाय. ये. मोटर आण, आणि ते कर्कटक, सापडलं तर.

तुझा,
पक्या

ता. क. तुझ्याकडच्या डब्यात एक सुटा टायर असणार, पाचवा, स्पेअरचा. तो मोटरला टेकून असेल तर आधी बाजूला कर. आजच.